टेपवाल्याच्या घरचा रॅम्प

आमच्या घरात दोन टेप. एक माझा, कापडी, सदान्‌कदा गळ्यात. बावीस वर्षांपासून मी घरीच शिवणाचा क्लास चालवते. दुसरा ह्यांचा, पोलादी, पिवळ्या डब्ब्यातला, तीस मीटरचा. आमचे हे, म्हणजे नत्थूजी बांते, नागपूर महापालिकेच्या अतिक्रमण पथकात एकतीस वर्षं होते. साहेब वगैरे नव्हते. साहेब गाडीतून उतरायचे आणि हे टेपचं टोक धरून पुढे चालायचे. कोणाची पायरी रस्त्यावर किती आली, कोणाचा ओटा नालीवर किती चढला, ते मोजायचं आणि आकडा खणखणीत आवाजात ओरडून सांगायचा. जरीपटक्याच्या बाजारात त्यांचा आवाज ऐकला की दुकानदार आधीच पाट्या आत घेत. टेपवाले नत्थूजी म्हणूनच लोक त्यांना ओळखत.

मागच्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. आणि तो खणखणीत आवाज गेला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. बोलता येतं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. डॉक्टर म्हणाले होते, "डोकं जसंच्या तसं आहे, फक्त बोलायला वेळ द्या." मी मान हलवली होती. डॉक्टरांपुढे कोण मान हलवत नाही?

त्यात आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. झाला झकास, पण जुन्या डांबरावरच चढवलेला, त्यामुळे तो दीड फूट वर गेला आणि आमची घरं खड्ड्यात राहिल्यासारखी खाली राहिली. गेटातून बाहेर पडायचं तर आधी दोन विटा ठेवून चढायचं. माझ्यासारखीला ते जमतं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं काय करावं?

आठवड्यातून दोनदा त्यांना रामदासपेठेत व्यायामासाठी न्यावं लागे. ऑटोवाला धम्मानंद यायचा, गल्लीतली आणखी दोन माणसं यायची आणि तिघं मिळून खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवायची. माणसं भली. कोणी कधी कुरकुर केली नाही. पण खुर्ची जमिनीवरून उठली की हे डोळे घट्ट मिटून घ्यायचे. खाली ठेवली तरी बराच वेळ उघडायचे नाहीत. फेब्रुवारीत एके दिवशी धम्मानंद दाराशी आला आणि ह्यांनी डाव्या हातानं चौकट धरून ठेवली.

"नाही," ते म्हणाले. तेवढा एक शब्द अगदी स्पष्ट.

त्यानंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत. मी समजावलं, रागावले, दोनदा जेवण टाकून बसले. काही उपयोग नाही. तिकडून व्यायामाच्या ताईंचा फोन आला, की आता हे तीन-चार महिनेच महत्त्वाचे आहेत, हात आखडला तर पुन्हा सुटणार नाही, पायाचंही तेच. मी फोन ठेवला आणि ठरवलं, रॅम्प बांधायचा. कोणी उचलायला नको, कोणाकडे पाहायला नको, खुर्ची सरळ घरातून रस्त्यावर.

रुपराव मिस्त्री पारशिवनीकडचा, माझ्या माहेरच्या गावचा. त्याला बोलावलं. त्यानं जागा पाहिली, डोकं खाजवलं.

"आंगण दहाच फूट आहे, बाई. रस्ता दीड फूट वर. सरळ घेतला तं लय खडा होईन. थोडा बाहेर काढा लागन."

"मंग काढा. सगळ्या गल्लीनं काढला आहे."

"नत्थूजीले इचारलं का?"

"त्यायले काय इचारायचं? त्यायच्यासाठीच तं करून राहिली ना मी!"

आता हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो. अख्ख्या उत्तर नागपुरात रॅम्पबद्दल ज्याला सगळ्यात जास्त कळतं, तो माणूस माझ्या खिडकीत बसला होता आणि मी त्याला सोडून सगळ्यांना विचारत होते.

ते सांगायचा प्रयत्न करत नव्हते असं नाही. रुपराव नालीत चार इंची पाईप टाकून वरून गिट्टी भरत होता तेव्हा खिडकीतून हाक आली.

"शो... भा. ना... ली..."

"हाव हाव, होऊन राहिलं. तुम्ही आराम करा."

दुपारी पुन्हा. "शोभा... पा... णी..."

मी पाण्याचा गिलास नेऊन दिला. त्यांना तहान लागली नव्हती हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, पण क्लासच्या पोरी ब्लाऊज कापायला खोळंबल्या होत्या. "हाव हाव" म्हणून मी निघून आले. दिवसातून शंभरदा मी हे "हाव हाव" म्हणत होते. वाक्य संपेपर्यंत थांबायला नको म्हणून.

दोन दिवसांत रॅम्प झाला. आंगणातून निघाला, नालीवरून गेला आणि रस्त्यावर तीन फूट पसरला. मी त्यावर ओली पोती टाकली आणि तासातासाला पाणी मारत बसले. शेजारच्या सिंधूताई आपल्या गेटात कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आमच्या दोघींचं आंगण लागून. त्यांच्या घरचं आणि मागच्या घरांचं पाणी आमच्या गेटासमोरूनच पुढे जातं. सिंधूताई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण न बोलणाऱ्या माणसाबद्दल मी काहीही ठरवून टाकते.

सहाव्या दिवशी झोन ऑफिसातून एक मुलगी आली. जीन्स, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात फाईल. सोनिका मॅडम म्हणे, कनिष्ठ अभियंता. तिनं स्वतः वाकून मोजलं, फोटो काढले आणि मला कागद दिला.

"काकू, तक्रार आली आहे. रॅम्प तुमच्या हद्दीत पाहिजे. रस्त्यावर यायला नको. आणि नालीवर पक्कं काँक्रीट टाकता येत नाही, सफाई कशी करायची? सात दिवसांत काढून घ्या."

"कोणाची तक्रार आहे?"

"ते सांगता येत नाही."

"घरात लकव्याचा माणूस आहे, बाई. दिसत नाही का तुले?"

"दिसते, काकू," ती म्हणाली. आणि खरंच तिचा चेहरा उतरला. पण कागद तिनं परत घेतला नाही.

ती गल्लीच्या टोकाला वळायच्या आत मी सिंधूताईंच्या गेटात होते. त्या दिवशी मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. माझ्या नवऱ्याचं चांगलं तुला पाहवत नाही का, इथपासून सुरू केलं आणि तुझ्या दारात तुझा मुलगासुद्धा वर्षवर्ष येत नाही म्हणून तुला दुसऱ्याचं दार खुपतं, इथपर्यंत गेले. हे शेवटचं बोलायला नको होतं. बोलतानाच कळत होतं.

सिंधूताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी नाही केली तक्रार," त्या म्हणाल्या. "कराले पाहिजे होती. माह्या उंबऱ्यात आन् नालीत चार बोटांचंच अंतर आहे, शोभा. पण नत्थूजीचा चेहरा पाहून नाही केली." आणि दार लावून घेतलं.

माझा विश्वास बसला नाही. राग चढलेला असला की त्याला उतरायचं कारण नको असतं, चढून राहायचंच हवं असतं.

सात दिवस मी पोतीसुद्धा हलवली नाहीत. आठव्या दिवशी सकाळी सोनिका पुन्हा आली. मी तयारच होते. रॅम्पवर मधोमध खुर्ची टाकून बसले होते.

"आधी नाव सांग," मी म्हटलं. "मले त्या माणसाच्या तोंडावर इचारू दे, का बापा, काय बिघडवलं आम्ही तुह्यं?"

तिची नजर माझ्या खांद्यावरून खिडकीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली.

"काकू, नाव मी सांगू शकत नाही," ती हळूच म्हणाली. "पण तक्रारदार इथेच राहतात."

मी मागे वळून पाहिलं. खिडकीत ह्यांनी डावा हात वर केला होता, वर्गात हजेरीला करतात तसा.

"मी," ते म्हणाले.

मी आत गेले. त्यांनी मांडीवरचा फोन माझ्यापुढे धरला. नातवंडांचे फोटो पाहायला मीच आणून दिला होता. त्यावर महापालिकेच्या तक्रारीच्या ॲपमध्ये त्यांचा अर्ज होता. सोबत खिडकीतून, बसल्या उंचीवरून काढलेला रॅम्पचा फोटो, कडेला गज आलेला. खाली एका बोटानं टाईप केलेलं. एवढं टाईप करायला त्यांना दोन दिवस लागले, हे मला नंतर कळलं. मी ते जसंच्या तसं देते.

"विषय: नालीवरील अतिक्रमणाबाबत. महोदय, सदर रॅम्प नत्थूजी बांते (मी स्वतः) यांचे घरासमोर आहे. रस्त्यावर तीन फूट आला आहे. नाली बुजली आहे. चार इंची पाईप पुरत नाही. शेजारी सिंधूताई यांचे घरात पाणी शिरेल. चढ खडा आहे, खुर्ची उलटेल. घरी सांगितले, परंतु मला बोलायला वेळ लागतो व तेवढा वेळ कोणाकडे नाही. कृपया तोडण्यात यावे. बायकोला रागावू नये. तिने माझ्यासाठीच केले आहे."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा "तेवढा वेळ कोणाकडे नाही" यावर अडकले. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. माझ्या नवऱ्याला माझ्यापर्यंत पोचायला महापालिकेतून यावं लागलं होतं. मला इतकी शरम आयुष्यात वाटली नाही.

सोनिका दारातच उभी होती. मी तिला आत बोलावलं. ती खुर्चीवर बसली नाही, ह्यांच्यासमोर खालीच फरशीवर बसली आणि फाईल उघडली.

"काका, मग तुम्हीच सांगा. कसा बसवायचा?"

ते बोलायला लागले. "दी... ड... फूट..."

"दीड फूट वर आहे रस्ता," मी सवयीनं पुरं केलं. सोनिकानं माझ्याकडे न पाहता माझ्या मनगटावर हात ठेवला. मी गप्प झाले. आणि मग मी ऐकत बसले. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच.

एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे दीड फुटाला अठरा. सरळ जागा नाही, मग आडवा घ्यायचा. कंपाऊंडच्या भिंतीला लागून, आपल्याच हद्दीत, डाव्या कोपऱ्यातून चढत गेटापर्यंत. गेटाशी खुर्ची वळायला सपाट जागा. कडेला चार बोटं उंच काठ, चाक घसरू नये म्हणून. नालीवर उचलता येईल अशी लोखंडी जाळी, रस्त्याच्या लेव्हलला. आणि बांधायच्या आधी झोन ऑफिसात अर्ज. हे सगळं सांगायला त्यांना पाऊण तास लागला. सोनिका लिहून घेत होती आणि मध्येच म्हणाली, "काका, मले कॉलेजात कोणी इतकं नीट नाही सांगितलं." ह्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

मग त्यांनी बोटानं डावा कोपरा दाखवला आणि थांबले.

डाव्या कोपऱ्यात माझं शेड होतं. टिनाचं, बारा बाय आठ, चार मशिनी, कापायचं टेबल. बावीस वर्षांचा क्लास. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, ह्यांचा पगार अडायचा तेव्हाचं भाजीपाणी, सगळं त्या टिनाखालून आलं होतं.

"म्हणजे माह्यं शेड काढा लागन?"

सोनिका चुळबुळली. "तसं घरासमोर मोकळ्या सोडायच्या जागेत शेड नियमात बसत नाही, काकू. पण त्याची काही तक्रार नाही. मी त्याच्यासाठी आली नाही."

माझं डोकं पुन्हा तापलं, पण या वेळी वेगळ्याच कारणानं. मी ह्यांच्याकडे वळले.

"एकतीस वर्षं लोकायचे शेड मोजले तुम्ही. तोडले. घरात बायकोचं शेड उभं, ते नियमात नाही हे तुम्हाले ठाऊक होतं. काहून नाही बोलले एवढे दिवस? तेव्हा तं आवाज होता ना तुम्हाले!"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी थांबले, या वेळी खरोखर थांबले, पण उत्तर आलं नाही.

शेड काढायला मला चार दिवस लागले. म्हणजे काढायला एकच दिवस लागला, तीन दिवस मी नुसती त्याच्यात जाऊन बसत होते. चौथ्या दिवशी मशिनी हॉलमध्ये आल्या. सोफा भिंतीला गेला, टीव्ही मशिनीमागे गेला. क्लासच्या पोरी म्हणाल्या, इथे पंख्याचा वारा तरी लागतो. लबाड आहेत, पण चांगल्या आहेत.

त्याआधी मी सिंधूताईंकडे गेले. हात जोडले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पोराचं बोलली ते नाही विसरणार मी, शोभा. पण तू ये." मला वाटतं, एवढं मिळालं तेही पुष्कळच होतं.

रुपराव परत आला. आपण केलेला रॅम्प त्यानं स्वतःच फोडला, तोंडानं पुटपुटत, की मी म्हटलं होतं इचारा म्हणून. नाली मोकळी झाली. सोनिकाकडून अर्जावर सही शिक्का आला. आणि मग कामाच्या दिवशी ह्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. पिवळा टेप.

त्यांनी डब्बा मांडीवर धरला आणि टोक माझ्या हातात दिलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तो टेप कधी धरला नव्हता. मी टोक धरून भिंतीच्या कडेनं चालत गेले, ते खुर्चीतून हातानं डावीकडे, उजवीकडे सांगत होते. टेप ताणला गेला. त्यांनी आकडा पाहिला, तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पोचेना. रुपराव आणि मी दोघंही थांबलो.

"अ... ठरा... फूट... दोन..." ते म्हणाले.

"अठरा फूट दोन!" मी ओरडले. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. दोन घरांतून लोक बाहेर आले, जुन्या सवयीनं असावं.

रुपरावनं उंची जुळवायला पाण्याची लेव्हल नळी लावली. नळीचं एक टोक ह्यांनीच डाव्या हातात धरलं आणि पाणी हलायचं थांबेपर्यंत रुपरावला पुढे जाऊ दिलं नाही. दोन ठिकाणी भर उकरून पुन्हा करायला लावली. रुपराव कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाला, "बाई, बोलता येत नाही तरी इतकं काम काढते हा माणूस!" मला त्याचा काय आनंद झाला ते सांगता येणार नाही.

एप्रिलच्या शेवटी, ऊन उतरल्यावर, धम्मानंदचा ऑटो रस्त्यावर येऊन उभा राहिला. रॅम्प वाळून टणक झाला होता. मी सवयीनं खुर्चीच्या मागे गेले आणि मुठी धरल्या. त्यांनी डावा हात हलवला. नको.

एका हातानं चाक फिरवून चढावर जाता येत नाही, खुर्ची वाकडी पळते. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. डाव्या कोपऱ्यात नेऊन त्यांनी खुर्ची वळवली, पाठ गेटाकडे केली आणि डावा पाय जमिनीवर टेकवला. मग पायानं रेटत, उलटे, ते चढ चढू लागले. एक रेटा, चाकावर हात, थांबायचं. पुन्हा एक रेटा. व्यायामाच्या ताईंनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. करून पाहायला आमच्याकडे जागाच नव्हती.

मी खालीच उभी होते, जिथे माझं कापायचं टेबल असायचं तिथे. एकतीस वर्षं हा माणूस सकाळी माझ्याकडे पाठ करून, टेप खाकेत मारून घरातून निघायचा. आज माझ्याकडे तोंड करून निघाला होता. घाम कपाळावरून डोळ्यांत येत होता, पण डोळे मिटले नव्हते.

अर्ध्यावर ते थांबले. पाय थरथरायला लागला. मी पुढे झाले.

"थां... ब."

मी थांबले. त्यांनी श्वास घेतला. मला वाटलं, दमले. पण ते बोलायची तयारी करत होते.

"शो... भा."

"बोला."

"शेड... तुझं..." मध्ये बराच वेळ गेला. रस्त्यावर धम्मानंदनं हॉर्न वाजवला, मी हातानंच त्याला गप्प केलं. "रोज... दिसत... होतं. मी... कधी..." ओठ नुसते हलले, शब्द आला नाही. मला शब्द कळला होता. पुरा करून द्यायला जीभ शिवशिवत होती. मी पदर मुठीत धरून उभी राहिले. तो शब्द त्यांचा होता.

"मोजलं... नाही," ते म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी पाय टेकवला आणि रेटा दिला. वर पोचले, सपाट जागेवर वळले, जाळीवरून चाकं खडखडत गेली आणि खुर्ची रस्त्यावर उभी राहिली. कोणी हात लावला नव्हता. मी तोंडाला पदर लावून तिथेच रडले, आणि क्लासच्या पोरी दारातून पाहत होत्या तरी रडले.

सिंधूताई गेटात होत्या. भिंतीवरून वाकून त्यांनी हळूच विचारलं, "मध्येच थांबून काय बोलून राहिले होते वं?"

मी डोळे पुसले.

"त्यायलेच इचारा," मी म्हटलं. "पण वेळ काढून या."